वाचकांचे प्रश्न : कोणते फ्रेमवर्क निवडावे?

ॲप्लिकेशन उभारण्यासाठी कोणते फ्रेमवर्क (ज्यावर ॲप बांधायचे तो कोडचा तयार सांगाडा) घ्यावे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत. पहिल्या तीन प्रश्नांत विषय पुष्कळ खोल जातो, म्हणून त्यांची उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेत पाच डेव्हलपरांचा गट आहे. खरेदीच्या मागण्या, त्यांची मंजुरी, साठ्याच्या नोंदी आणि अहवाल यांसाठी अंतर्गत वापराचे वेब ॲप आम्हाला नव्याने करायचे आहे. रिॲक्ट, अँग्युलर आणि व्ह्यू यांची तुलना करणारे बरेच तक्ते आम्ही पाहिले, पण प्रत्येक तक्त्यात पहिला क्रमांक वेगळ्याचाच. तुलना नेमकी कशाच्या आधारावर करावी?

उत्तर : असे तक्ते गोंधळात टाकतात, कारण त्यांत शेजारीशेजारी बसवलेल्या या तीन गोष्टी एका जातीच्या नाहीत. रिॲक्ट ही २०१३ मध्ये फेसबुकने खुली केलेली लायब्ररी, म्हणजे आपल्या कोडमधून वापरायचा तयार कोडचा संच, आहे आणि माहिती बदलली की पडद्यावरचा कोणता भाग बदलायचा, एवढेच काम ती मुख्यतः करते. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे राउटिंग, सर्व्हरकडून माहिती आणणे, फॉर्मची तपासणी, ॲपभर लागणारी स्टेट (त्या क्षणाची माहिती) सांभाळणे यांपैकी प्रत्येक कामासाठी आपल्याला वेगळी लायब्ररी निवडावी लागते, नाहीतर रिॲक्टवर उभारलेले नेक्स्ट जेएससारखे पूर्ण फ्रेमवर्क घ्यावे लागते. रिॲक्टचे अधिकृत दस्तऐवजही आता नव्या ॲपसाठी हा दुसरा मार्गच आधी सुचवतात. अँग्युलरमध्ये राउटर, फॉर्म, सर्व्हरशी बोलणारा क्लायंट, डिपेन्डन्सी इंजेक्शन (एका भागाला लागणारे दुसरे भाग बाहेरून पुरवण्याची सोय) आणि कमांड लाइनवरची साधने हे सगळे एकाच चमूकडून येते. व्ह्यू या दोहोंच्या मधे आहे. त्याचा गाभा लहान ठेवलेला आहे, पण राउटिंगसाठी व्ह्यू राउटर आणि स्टेटसाठी पिनिया ही जोडीची साधने अधिकृत असून ती गाभ्याच्या जोडीनेच पुढे जातात.

म्हणून कोणते निर्णय फ्रेमवर्क घेणार आणि कोणते आपल्या गटाला घ्यावे लागणार, येथून तुलनेला सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्या ॲपमधले एक उदाहरण घेऊ. मागणीच्या अर्जात चाळीस रकाने आहेत, खरेदीचा प्रकार बदलला की त्यांतले सात रकाने अनिवार्य होतात, आणि रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली की मंजुरी देणाऱ्यांची साखळी बदलते. अँग्युलरच्या रिॲक्टिव्ह फॉर्म्समध्ये अशा अटी लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे आणि पाचही जण ती त्याच पद्धतीने लिहितील. रिॲक्टमध्ये हेच काम उत्तम होते, पण त्यासाठी फॉर्मची लायब्ररी आपणच निवडायची असते. एकेकाळी फॉर्मिक सर्रास सुचवले जाई, पुढे रिॲक्ट हुक फॉर्म सुचवले जाऊ लागले, आणि ज्या गटांनी मधल्या काळात दोन्ही वापरली त्यांच्या कोडमध्ये आज एकाच कामाच्या दोन पद्धती नांदत आहेत. अनुभवी डेव्हलपर असलेल्या गटाला हे स्वातंत्र्य हवेहवेसे वाटते. ज्या गटात दोघे अनुभवी आणि तिघे नवखे आहेत, तिथे तेच स्वातंत्र्य दर कोड रिव्ह्यूमध्ये वाद होऊन उभे राहते.

दुसरा आधार काळाचा आहे, आणि तक्त्यांत तो बहुधा नसतोच. अंतर्गत ॲप एकदा रुळले की ते सात-आठ वर्षे चालते. एवढ्या काळात प्रत्येक फ्रेमवर्क आपल्याला काय करायला लावेल, हे त्याच्या मागच्या वाटचालीवरून बऱ्यापैकी कळते. अँग्युलरची मोठी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि तिला एकूण अठरा महिने आधार मिळतो. म्हणजे वर्षातून एकदोनदा अपग्रेडसाठी वेळ राखून ठेवणे भागच आहे. त्यातही एका वेळी एकच मोठी आवृत्ती ओलांडता येते, त्यामुळे तीन वर्षे दुर्लक्ष झाले तर पाचसहा पायऱ्या एकामागून एक चढाव्या लागतात. त्याची भरपाई अशी, की कोडमधले बरेचसे बदल अपग्रेडची आज्ञा स्वतःच करून देते. रिॲक्टने जुना कोड चालू ठेवण्याची काळजी चांगली घेतली आहे. २०१९ मध्ये हुक्स ही कंपोनंट (पडद्याचे सुटे भाग) लिहिण्याची नवी पद्धत आली, तरी जुन्या क्लास पद्धतीने लिहिलेले कंपोनंट आजही चालतात. तिथे जुने होते ते आजूबाजूचे. नवे ॲप सुरू करण्यासाठी वर्षानुवर्षे शिकवले गेलेले क्रिएट रिॲक्ट ॲप हे साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाले, हे त्याचे अलीकडचे उदाहरण आहे. व्ह्यूची तिसरी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि दुसरीचा आधार ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपला. तीन वर्षांहून अधिक मुदत मिळूनही अनेक गटांची धावपळ झाली, कारण ते ज्या तयार कंपोनंटांवर विसंबून होते ते वेळेत नव्या आवृत्तीवर आले नव्हते. व्ह्यूटिफायसारखा मोठा संचदेखील २०२२ च्या अखेरीस तिथे पोचला. तेव्हा फ्रेमवर्कचे वय पाहताना आपण त्याच्याबरोबर घेणार असलेल्या तयार कंपोनंटांच्या संचाचे वयही पाहावे.

वेगाच्या आकड्यांकडे आपल्या बाबतीत फारसे लक्ष देऊ नये. अंतर्गत ॲप संथ वाटते तेव्हा पाच हजार ओळींचा अहवाल एकाच वेळी ब्राउझरकडे पाठवलेला असतो, किंवा डेटाबेसमध्ये योग्य इंडेक्स (नोंद चटकन शोधून देणारी सूची) नसतो. या दोन्हींवर तिघांपैकी कुणाकडेही उपाय नाही.

निर्णयापूर्वी एक चाचणी मात्र जरूर करावी. कामांची यादी ठेवणारे नमुना ॲप सगळ्याच फ्रेमवर्कमध्ये सोपे जाते, म्हणून ते करून पाहण्यात अर्थ नाही. आपल्या ॲपमधला सर्वांत अवघड पडदा घ्यावा, म्हणजे वर सांगितलेला मागणीचा अर्ज, आणि तो दोन फ्रेमवर्कमध्ये पूर्ण करावा. मग ज्याने तो लिहिला नाही अशा सहकाऱ्याला त्यात एक नवी अट घालायला सांगावी आणि तो कुठे अडतो ते शांतपणे पाहावे. शेवटी तोच पडदा एक मोठी आवृत्ती मागे असलेल्या फ्रेमवर्कवर आणून तेथून आजच्या आवृत्तीपर्यंत अपग्रेड करून पाहावा. या चाचणीच्या शेवटच्या दोन भागांत जे कळते ते कोणत्याही तक्त्यात मिळत नाही.

आपण लिहिलेल्या मजकुरावरून माझा कल सांगायचा, तर गटातल्या बहुतेकांना जावा किंवा सी-शार्पची सवय असल्यास अँग्युलर घ्यावे, कारण त्याची टाइपस्क्रिप्ट (टाइपची जोड दिलेली जावास्क्रिप्ट) आणि क्लासवर आधारलेली रचना त्यांना परकी वाटणार नाही. तशी पार्श्वभूमी नसेल तर व्ह्यू घ्यावे. रिॲक्टची शिफारस मी या ॲपसाठी एकाच स्थितीत करीन : गटात रिॲक्टवर पूर्वी मोठे ॲप सांभाळलेली व्यक्ती असेल, आणि कोणत्या कामाला कोणती लायब्ररी हे पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवण्याची तिची तयारी असेल.

प्रश्न : क्षेत्रीय पाहणी करणाऱ्यांसाठी आम्ही दोघे मिळून मोबाईल ॲप करत आहोत. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर ते चालायला हवे आणि इंटरनेट नसतानाही नोंदी घेता यायला हव्यात. फ्लटर घ्यावे, रिॲक्ट नेटिव्ह घ्यावे की दोन स्वतंत्र नेटिव्ह ॲप, म्हणजे त्या त्या फोनच्या प्रणालीसाठी वेगळी लिहिलेली, करावीत?

उत्तर : दोघांच्या गटाने दोन स्वतंत्र नेटिव्ह ॲप करू नयेत. प्रत्येक सुधारणा दोनदा लिहावी लागते, आणि काही महिन्यांत एक ॲप दुसऱ्याच्या मागे पडते. तेव्हा खरी तुलना उरते ती एकाच कोडमधून दोन्ही फोनांची ॲप देणाऱ्या फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह यांची. त्यांच्यातला मूळ फरक एका मुद्द्यावर येऊन थांबतो, तो म्हणजे पडद्यावरचे बटण कोण रेखाटतो.

फ्लटर ते स्वतः रेखाटते. डार्ट भाषेत लिहिलेला कोड फोनच्या प्रोसेसरला थेट कळणाऱ्या रूपात आधीच कंपाइल होतो, आणि बटण, यादी, अक्षरे हे सारे फ्लटरचे स्वतःचे इंजिन रंगवते. पूर्वी हे काम स्किया करत असे, आता त्याची जागा इम्पेलरने घेतली आहे. त्यामुळे ॲप दोन्ही फोनांवर आणि जुन्या-नव्या आवृत्त्यांवर जवळपास सारखेच दिसते, आणि एका ठिकाणी तपासलेला पडदा दुसरीकडे सहसा मोडत नाही. रिॲक्ट नेटिव्हमध्ये तर्काचा भाग जावास्क्रिप्टमध्ये चालतो, पण बटण त्या त्या फोनच्या प्रणालीचे असते. फोनच्या प्रणालीने आपले रूप बदलले की रिॲक्ट नेटिव्हमधल्या बटणांना ते आपोआप मिळते, तर फ्लटरला त्याची नक्कल नव्याने करावी लागते. उलट प्रणालीगणिक होणारे बारीक फरक रिॲक्ट नेटिव्हमध्ये अधिक भेटतात आणि त्यांची तपासणी दोन्हीकडे करावी लागते.

रिॲक्ट नेटिव्ह संथ आहे, हे मत बऱ्याच जुन्या लेखांत सापडते. जावास्क्रिप्ट आणि फोनची प्रणाली यांच्यातला प्रत्येक निरोप पूर्वी मजकुरात रूपांतरित करून एका पुलावरून पाठवला जाई आणि लांबलचक यादी वेगाने सरकवताना ते जाणवत असे. नव्या रचनेत तो पूल काढून टाकला आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मधल्या ०.७६ आवृत्तीपासून ही रचना नव्या ॲपमध्ये मुळातच चालू असते. त्यापूर्वीच्या तुलना वाचताना हे ध्यानात ठेवावे. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडले, हे उदाहरणही वारंवार दिले जाते. ते आपल्याला लागू होत नाही. त्यांच्याकडे आधीच मोठी नेटिव्ह ॲप होती, त्यांत रिॲक्ट नेटिव्हचे भाग बसवले गेले, आणि दोनऐवजी तीन पद्धतींचा कोड सांभाळण्याची वेळ त्यांच्यावर आली. आपण कोऱ्या पाटीवर सुरुवात करत आहात.

आपल्या ॲपचा कठीण भाग वेगळाच आहे. इंटरनेट नसताना नोंद घेणे सोपे आहे, कारण दोन्ही फ्रेमवर्कमधून फोनवरच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ती ठेवता येते. मात्र दोन पाहणीकर्त्यांनी एकच नोंद आपापल्या फोनवर बदलली आणि संध्याकाळी दोघेही इंटरनेटच्या टप्प्यात आले, तर कोणता बदल ग्राह्य धरायचा? फोनचे घड्याळ चुकीचे असेल तर ‘नंतरचा बदल खरा’ हा नियम कोलमडतो. अर्धवट पाठवलेली नोंद पुन्हा पाठवली तर सर्व्हरवर तिच्या दोन प्रती होऊ नयेत, यासाठी प्रत्येक नोंदीला तिचा अद्वितीय क्रमांक फोनवरच द्यावा लागतो. या प्रश्नांची उत्तरे फ्लटर देत नाही आणि रिॲक्ट नेटिव्हही देत नाही. फ्रेमवर्क निवडण्याआधी हे नियम कागदावर लिहून काढावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

फोनचे जे भाग वापरायचे आहेत त्यांची यादीही त्याच कागदावर करावी. कॅमेरा आणि साधे स्थान यांची सोय दोन्हीकडे उत्तम आहे. ॲप मागे असताना सतत स्थान नोंदवणे किंवा ब्लूटूथने मोजणी-यंत्राशी जोडणे यांसाठी मात्र आपण प्लगइनवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या जोडकोडवर, अवलंबून असतो. ते प्लगइन शेवटचे केव्हा सुधारले गेले, त्याच्या उघड्या तक्रारींना कुणी उत्तर देते का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्लगइन नसेल तर अँड्रॉइडच्या कोटलिन आणि आयफोनच्या स्विफ्ट या भाषांत थोडा कोड स्वतः लिहावा लागतो, आणि त्याला दोन्ही फ्रेमवर्कमध्ये पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट मोबाईलवर वेबपेक्षा कडक आहे. गूगल प्ले आणि ॲपल दोघेही ठरावीक काळाने नव्या प्रणालीला धरून बांधलेलीच ॲप स्वीकारतात, म्हणून फ्रेमवर्क मागे राहिले तर साधी दुरुस्तीही प्रसिद्ध करता येत नाही. अशाच मोबाईल फ्रेमवर्कपैकी फोनगॅप २०२० मध्ये बंद झाले आणि झॅमरिनचा आधार १ मे २०२४ रोजी संपला. दोन्ही वेळा मागे मोठ्या कंपन्याच होत्या, पहिल्याच्या अडोबी आणि दुसऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट. त्यामुळे मोठी कंपनी पाठीशी आहे, एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

आपल्यापैकी कुणाला रिॲक्ट येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह घ्यावे आणि ते एक्सपो या त्यासाठीच्या साधनसंचासह घ्यावे. दोघेही नव्याने शिकणार असाल तर मी फ्लटर सुचवीन. त्याचे दस्तऐवज नीट बांधलेले आहेत, आणि फॉर्म व याद्या हेच ज्याचे मुख्य अंग आहे अशा ॲपसाठी त्यात जोडाजोड कमी करावी लागते.

प्रश्न : आमचे ॲप जँगो या पायथनच्या सर्व्हर-फ्रेमवर्कवर आहे. वेगाच्या चाचण्यांत जँगो फारच खाली दिसते, म्हणून सर्व्हरचा सगळा कोड फास्टएपीआय या पायथनच्याच किंवा स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कवर न्यावा, असे आमच्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. त्यांचे म्हणणे कितपत बरोबर आहे?

उत्तर : त्या चाचण्या खोट्या नाहीत, पण त्या मोजतात ते वेगळेच. २०१३ पासून चालत आलेल्या टेकएम्पॉवरच्या चाचण्यांत साधा मजकूर परत पाठवणे, एक छोटी वस्तू जेसन या मजकूर-स्वरूपात देणे, डेटाबेसमधून एक किंवा अनेक ओळी आणणे अशी ठरावीक कामे असतात. वरच्या क्रमांकावरच्या काही नोंदी तर खास चाचणीसाठी छाटून लिहिलेल्या असतात, आणि तशी वर्गवारी चाचणी घेणारेच देतात. आपल्या ॲपमधली एक विनंती २४० मिलिसेकंदांची आहे असे धरू. त्यांतले २०० डेटाबेसमध्ये, ३० दुसऱ्या सेवेची वाट पाहण्यात आणि १० जँगोच्या स्वतःच्या कामात गेले, तर दुप्पट वेगाचे फ्रेमवर्क आणून आपण पाच मिलिसेकंद वाचवाल. म्हणून सहकाऱ्यांशी चर्चा करण्यापूर्वी जँगो डीबग टूलबार (पानामागचा वेळ आणि डेटाबेसचे प्रश्न दाखवणारे साधन) लावून सर्वांत संथ पाच पाने मोजावीत. माझ्या अनुभवात तिथे बहुतेक वेळा एकच आजार निघतो : शंभर मागण्यांची यादी दाखवताना प्रत्येक मागणीच्या अर्जदारासाठी डेटाबेसला वेगळा प्रश्न विचारला जातो आणि एका पानामागे एकशे एक प्रश्न जातात. ‘सिलेक्ट रिलेटेड’ किंवा ‘प्रीफेच रिलेटेड’ ही जोडलेल्या नोंदी एकदमच आणणारी जँगोची सोय वापरली की हे प्रश्न एक-दोनवर येतात. फ्रेमवर्क बदलून हा दोष जात नाही, उलट तो नव्या भाषेत पुन्हा लिहिला जातो.

जँगो सोडताना हातातून काय जाते, हेही मोजले पाहिजे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या वेब विभागात ते जन्मले आणि २००५ मध्ये खुले झाले. बातमी ताबडतोब वाचकांपुढे न्यायची आणि मजकूर भरणारे तंत्रज्ञ नसणार, या गरजेची खूण त्याच्या तयार ॲडमिन पानांत आजही दिसते. त्याशिवाय वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार, डेटाबेसच्या रचनेतले बदल क्रमाने नोंदवणारी मायग्रेशन, बनावट विनंत्यांपासून संरक्षण, टेम्प्लेटमधला घातक मजकूर निष्प्रभ करणे हे सगळे त्यात मुळातच चालू असते. दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांना सुमारे तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ५.२ ही अशीच आवृत्ती आहे. फास्टएपीआय २०१८ च्या अखेरीस आले आणि त्याची रचना मला मनापासून आवडते. पायथनमधल्या टाइपच्या खुणांवरून ते आलेली माहिती तपासते आणि एपीआयचे (दुसऱ्या प्रोग्रॅमनी ॲपशी बोलण्याच्या मार्गाचे) दस्तऐवज आपोआप तयार करते. पण ओआरएम (डेटाबेसच्या ओळी कोडमधल्या वस्तू म्हणून हाताळणारा थर), मायग्रेशन, ॲडमिन पाने आणि वापरकर्त्यांचे व्यवस्थापन आपल्याला जोडावे लागते. ज्या सेवेला एकाच वेळी हजारो जोडण्या धरून दुसऱ्या सेवांची वाट पाहायची असते, किंवा मशीन लर्निंगचे मॉडेल एपीआयच्या रूपात द्यायचे असते, तिथे फास्टएपीआय शोभते. आपल्या ॲपमधला तसा एखादा भाग वेगळा काढून त्यात लिहिता येईल. बाकीचे जँगोवर राहू द्यावे.

स्प्रिंग बूट हे अत्यंत भक्कम फ्रेमवर्क आहे. अनेक डेटाबेस आणि संदेश-रांगांना एकत्र बांधणारे मोठे व्यवहार जिथे असतात, तिथे त्याला तोड सापडणे कठीण. पण तिथे जाणे म्हणजे भाषा बदलणे, आणि अपग्रेडचा त्रास तिथेही चुकत नाही. नोव्हेंबर २०२२ मधल्या तिसऱ्या आवृत्तीने जावा १७ अनिवार्य केले आणि ‘जावाएक्स’ने सुरू होणारी कित्येक पॅकेजे ‘जकार्ता’ या नावाखाली गेल्यामुळे लोकांना आपल्या कोडमधल्या असंख्य ओळी बदलाव्या लागल्या.

प्रश्न : आमचे ॲप अँग्युलरजेएसवर, म्हणजे अँग्युलरच्या जुन्या पिढीवर, आहे. ते उत्तम चालते, वापरकर्त्यांची तक्रार नाही. ते नव्याने लिहिणे खरोखर गरजेचे आहे का?

उत्तर : बदलणे गरजेचे आहे, मात्र एका झटक्यात नव्याने लिहिण्याची गरज नाही. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार डिसेंबर २०२१ च्या अखेरीस संपला. यापुढे त्यात सुरक्षेचे छिद्र सापडले तर मूळ चमूकडून दुरुस्ती येणार नाही. याची किंमत काय असू शकते, हे २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीच्या प्रकरणात दिसले. अपाचे स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधल्या छिद्राची दुरुस्ती मार्चमध्ये उपलब्ध झाली होती, ती एका ॲपवर लावली गेली नाही, मे महिन्यापासून हल्लेखोर आत होते, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती उघड झाली. तिथे निदान दुरुस्ती तरी होती. आपल्याकडे ती येण्याची वाटच बंद आहे.

सगळे ॲप बाजूला ठेवून नवे लिहायला घेणे मात्र धोक्याचे आहे. वर्षभर वापरकर्त्यांना काहीच नवे मिळत नाही, आणि जुन्या कोडमध्ये कुणीतरी कधीतरी घातलेल्या, आता कुणाच्याच लक्षात नसलेल्या अटी नव्यात उतरत नाहीत. आधी प्लेराइट किंवा सायप्रेस यांसारख्या साधनाने ब्राउझरमधून ॲप चालवून पाहणाऱ्या टेस्ट लिहाव्यात. त्या जुन्या कोडच्या आतल्या रचनेवर अवलंबून नसतात, म्हणून त्याच टेस्ट नव्या पानांनाही लावता येतात. नंतर सर्व्हरपुढच्या प्रॉक्सीमध्ये (विनंत्या पुढे वाटून देणाऱ्या मधल्या सर्व्हरमध्ये) पत्त्यानुसार वाटणी करून एकेक पान नव्या फ्रेमवर्कवर न्यावे. ज्या पानांत दर महिन्याला बदल होतो आणि जी पाने संस्थेबाहेरच्या लोकांना दिसतात ती आधी घ्यावीत. वर्षातून एकदा उघडले जाणारे पान शेवटी आले तरी चालेल. लॉगिनचे सत्र दोन्ही भागांना एकच लागते, आणि वेळ खरा तिथे जातो. त्यामुळे पहिल्या पानाचा अंदाज दुप्पट धरावा.

नवे फ्रेमवर्क अँग्युलरच असावे, असे बंधन नाही. दोन्ही एकत्र चालवण्याची अधिकृत सोय आहे हे खरे, पण सप्टेंबर २०१६ मध्ये आलेले अँग्युलर टाइपस्क्रिप्टमध्ये पूर्णपणे नव्याने लिहिलेले होते. जुन्याचे ज्ञान त्यात फार थोडे उपयोगी पडते. निवड मोकळ्या मनाने करावी.

प्रश्न : डेस्कटॉपसाठी ॲप करायचे आहे आणि आम्हाला वेबचे तंत्र येते. वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप करू देणारे इलेक्ट्रॉन जड आहे असे ऐकले, मग त्याच कामासाठी टाउरी घ्यावे का?

उत्तर : इलेक्ट्रॉन प्रत्येक ॲपबरोबर क्रोमियम हा ब्राउझर आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे नोड दोन्ही पाठवते. त्यामुळे ॲपचा आकार आणि मेमरीचा वापर वाढतो, पण सर्व संगणकांवर ब्राउझरचे इंजिन एकच असल्याने पाने सगळीकडे सारखी दिसतात. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा कोड लिहिण्याचा संपादक त्यावरच उभा आहे, म्हणजे काळजीपूर्वक लिहिले तर त्यावरही चपळ ॲप होते. टाउरी संगणकात आधीच असलेले वेबव्ह्यू (वेबपाने दाखवणारा प्रणालीचा भाग) वापरते, म्हणून इन्स्टॉलर खूप लहान होतो. मात्र विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर इंजिने वेगळी असल्याने तपासणीही तीनदा करावी लागते, आणि पडद्यामागचा भाग रस्ट भाषेत असतो. वापरकर्ते एकाच प्रणालीवर असतील आणि गटात कुणी रस्ट शिकायला तयार असेल तर टाउरी घ्यावे, अन्यथा इलेक्ट्रॉन.

प्रश्न : सगळी फ्रेमवर्क मुक्त स्रोताची आहेत, तर लायसन्सचा विचार तुलनेत करावा का?

उत्तर : अवश्य करावा. या लेखात आलेल्या मुख्य फ्रेमवर्कपैकी रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू आणि फास्टएपीआय एमआयटी लायसन्सखाली आहेत, जँगो आणि फ्लटर बीएसडी, तर स्प्रिंग अपाचे लायसन्सखाली. व्यावसायिक वापराला यांपैकी कशाचीही आडकाठी नाही. तरी रिॲक्टचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या लायसन्सला काही वर्षे पेटंटविषयीचे एक कलम जोडलेले होते. जुलै २०१७ मध्ये अपाचे फाउंडेशन या मुक्त स्रोताच्या संस्थेने आपल्या प्रकल्पांत त्या लायसन्सचा कोड घेण्यास मनाई केली, सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसच्या प्रमुखांनी रिॲक्टपासून दूर जाण्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्यात फेसबुकने रिॲक्ट एमआयटी लायसन्सखाली आणले. त्या काही आठवड्यांत कित्येक गटांनी पर्यायी लायब्ररी शोधायला घेतली होती.

फ्रेमवर्कचे लायसन्स पाहून थांबू नये. आपण जोडलेले तक्त्यांचे, आलेखांचे आणि तारीख निवडण्याचे कंपोनंट पाहावेत, कारण त्यांतले काही बिगरव्यावसायिक वापरापुरतेच मोफत असतात आणि काहींची पुढची आवृत्ती वेगळ्या अटींवर येते. सर्व पॅकेजांच्या लायसन्सची यादी काढणारी साधने मोफत मिळतात. बिल्ड करतानाच (कोडपासून चालणारे ॲप बांधतानाच) ती चालवण्याची व्यवस्था करावी, म्हणजे अनपेक्षित लायसन्स आले तर बिल्ड तिथेच थांबेल.